पेटीतले पंधरा व्होल्ट

"माझ्या भावाला मारताय ते तुम्ही, साहेब. डॉक्टर नाही," मेबल म्हणाली आणि फडक्यात धरलेला, यंत्राला वीज पुरवणारा तापलेला सप्लाय तिनं थेट त्यांच्या टेबलावर ठेवला.

विक्रोळीच्या त्या कारखान्यात हॉस्पिटलांसाठी यंत्रं बनायची; त्यांचं टेस्टिंग साहेबांच्या खोलीतच चालायचं. एअरकंडिशनर तेवढा एकच. आज मात्र मेबलनं सप्लाय पत्र्याच्या शेडमध्ये, कामगारांचे डबे गरम करायच्या पेटीत तासभर कोंबला होता. वायरमन सहदेव ओरडलाच, "अगं बाई, माझं बांगड्याचं कालवण बाहेर काढून हे काय शिजवतेस?"

तिनं मीटर जोडला. हजार व्होल्ट हवे होते. काटा हजार पंधरावर गेला.

"पंधरा व्होल्ट!" साहेब हसले. "एवढ्यासाठी हा तमाशा?"

"व्होल्ट स्थिर धरणारा झेनर तापला की चढतो. त्याला खाली ओढायला शेजारी तीन साधे डायोड होते ड्रॉइंगमध्ये. तुम्ही गाळलेत."

"बाजारात नव्हते. ऑर्डर बुडवायची?"

"हे पंधराच चढले तरी किरण मोजायचं आपलं नाजूक यंत्र दहा टक्के जास्त दाखवतं. डॉक्टरला वाटतं, डोस पुरा झाला. तो किरणांचं मशीन बंद करतो. माझ्या कॉस्मसच्या गळ्यातली गाठ तशीच्या तशी. काल त्याला पाणीसुद्धा गिळता आलं नाही."

"हॉस्पिटलातलं यंत्र आपलंच कशावरून?"

"त्याच्या पाठीवरचा नंबर वाचला मी. बत्तीस. तिथल्या खोलीत पंखासुद्धा नाही."

साहेबांनी कपाटातून फाइल काढली आणि तिच्यापुढे आपटली.

"बघ. एकेचाळीस यंत्रं, एकेचाळीस कागद. 'टेस्ट ओके.' सही कुणाची? जा, सांग हॉस्पिटलात."

मेबलनं पानं उलटली. बत्तिसावर बोट थांबलं. सही तिचीच, वळणदार, जराही न हललेली. ऐन मे महिन्यातली तारीख. याच खोलीत स्वेटर घालून केलेली.

साहेबांनी सिगरेट पेटवली. जिंकल्यासारखा धूर सोडला.

मग तिनं खुर्ची ओढली, त्यांच्याच टेबलावरचा कोरा कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं.

"आता काय लिहितेस?"

"पत्ते. जाऊन सांगते सगळीकडे, सही माझी आहे म्हणून. पुढचं ते बघतील, माझं आणि तुमचं." तिनं वर पाहिलं. "एक सापडलंय. बाकीची चाळीस कुठे लावलीत, साहेब?"