पाच वर्षांच्या सह्या

नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आराधना भिंगारदिवे नर्स होती. हॅमर शेडमध्ये यांत्रिक घणांच्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात काम करणाऱ्या कामगारांचे कान दरवर्षी तपासायचे, हे तिचं काम. तपासणीचं मशीन बिघडलं तेव्हा मॅनेजर म्हणाले, "मागचेच आकडे उतरवा." तिने कामगारांना बोलावून नुसतं बॅटरीने कानात बघितलं आणि आकडे उतरवले. पुढच्या वर्षीही. अशी पाच वर्षं गेली.

तिसऱ्या वर्षी हॅमरवरचा सहादेव पालवे तिला म्हणाला होता, "सिस्टर, घरी हाक मारली तर कळत न्हाई." तिने कानात घालायचे थेंब दिले आणि कागदावर 'श्रवणशक्ती सामान्य' असं लिहून सही केली.

दोन्ही कान गेल्यावर सहादेवला कामावरून कमी केलं. त्याने भरपाईसाठी कामगार कोर्टात दावा लावला, तर कंपनीने तेच पाच कागद पुढे केले.

एका रविवारी आराधना चर्चमधून परतली, तेव्हा सहादेव आणि त्याची बायको गोजरबाई दारात बसले होते.

"दरसाली तुमीच तपासलं, सिस्टर," सहादेव मोठ्याने म्हणाला. "कंपनीनं कागद बदलल्यात. तुमी खरं सांगा कोर्टात."

तिने होकारार्थी मान हलवली. चहा केला. पण खरं काय ते तिच्या तोंडून निघेना.

कोर्टात मात्र ती बोलली. "मी कान तपासलेच नाहीत. आकडे खोटे आहेत. सह्या माझ्याच."

सहादेव मागच्या बाकावरून तिच्या ओठांकडे बघत होता. बाहेर आल्यावर त्याने हात जोडले. "लई उपकार झालं, सिस्टर."

गोजरबाईने सगळं ऐकलं होतं. "मी न्हाई सांगनार त्यान्ला," ती म्हणाली. "तुमीच सांगा."

आवारात माणसं उभी होती. आराधनाला ओरडावं लागलं. "मी तपासलंच नव्हतं! खोटं लिहिलं!" त्याला कळेना. तिने पुन्हा सांगितलं, मग पुन्हा. तिसऱ्यांदा त्याचे जोडलेले हात खाली आले.

"म्हंजी, तवाच ते काम सोडलं असतं तर कान वाचलं असतं?"

तिने मान डोलावली.

दुसऱ्याच दिवशी तिची नोकरी गेली. सात महिन्यांनी निकाल सहादेवच्या बाजूने लागला. गोजरबाईने फोनवर तसं कळवलं.

"ते काय म्हणतात?" आराधनाने विचारलं.

"तुमचं नाव काढलं की गप बसत्यात."

"मी येऊन भेटू का?"

गोजरबाई म्हणाली, "इतक्यात नका येऊ, बाई."