न पेटवायच्या वाती

जपानमधील कावासाकी शहरातल्या एका खाजगी संग्रहालयात आद्यकालीन मोटारींना पुनर्जीवन देण्याचे कार्य चाले. तेथील फिटर दिगंबर याजकडे शंभरी उलटलेल्या एका मोटारीचा हरवलेला कार्बुरेटर नव्याने घडविण्याचे काम आले होते. रचना साधी, परंतु हट्टी होती. पेट्रोलच्या डब्यात सुती वाती लोंबत, त्या पेट्रोल शोषून वर आणीत आणि त्यांवरून ओढलेली हवा पेट्रोलची वाफ घेऊन इंजिनात शिरे. तोच इंजिनाचा प्राण. पण बाजारच्या वाती पुरेसे शोषीनात. इंजिन खोकून बंद पडे.

अखेरीस पत्नी सुहासिनीने देवघरातला वातींचा डबा काढून दिला. "आईंनी वळलेल्या आहेत. त्यांच्या हातची वात कधी विझली नाही. बघा लावून."

आई पुण्यास दम्याने गेली, तेव्हा उशाशी सुहासिनी होती. दिगंबर जपानातच अडकला होता. मुलाच्या हातचे पाणी तिच्या मुखी पडले नाही, हे शल्य त्याच्या काळजात रुतून बसले होते.

त्या वाती बसविल्या आणि भर दुपारी इंजिन पहिल्याच फिरकीला सुरू झाले. मालक मोरिता-सान लहान मुलासारखे टाळ्या पिटू लागले. "दिगंबर-सान, उद्या पाहुण्यांसमोर असेच चालवा. एकही वात बदलू नका!" असे बजावून ते चहा आणावयास आत गेले.

दिगंबरने इंजिन बंद केले. चाक निश्चल झाले. परंतु हवेच्या नळीतून श्वास चालूच राहिला. आत ओढताना बारीक शिट्टी, मध्येच अडखळ, मग लांब, थकलेला उच्छ्वास.

जेवणाचा डबा घेऊन आलेली सुहासिनी दारातच थबकली. "अहो, दम्याचा पंप कुठंय?" तिच्या तोंडून निघून गेले. मग ती पांढरीफटक पडली. "आईच ना ह्या?"

"वेडी आहेस का? नळीत हवा अडकली असेल."

"हवा अशी खोकते? अख्ख्या रात्री काढल्यात मी त्या आवाजाशेजारी."

दिगंबरने नळीच्या मुखावर तळहात ठेवला. हात आत ओढला गेला. मग कोमट श्वास त्यावर पसरला. त्यास पेट्रोलचा नव्हे, बामाचा वास होता.

"अडकल्यात हो त्या," सुहासिनी कुजबुजली. "शेवटी सारख्या दाराकडे बघत होत्या."

कार्बुरेटरात पाणी जाणे हे फिटराच्या शास्त्रात महापाप होय. उद्याचा समारंभ बुडेल, त्यासवे नोकरीही, हे तो जाणून होता. तरीही त्याने पाण्याच्या बाटलीचे बूच काढले.

"आई, मी आलोय. तुझा दिगू."

ओंजळीतले पाणी त्याने नळीच्या मुखी सोडले. घोट गिळल्याचा आवाज आला. एक दीर्घ उच्छ्वास बाहेर पडला आणि पुन्हा आत काही ओढले गेले नाही.

मोरिता-सान चहाचे पेले घेऊन दारात उभे होते. "पाणी? कार्बुरेटरमध्ये?"

दिगंबरने कार्बुरेटराच्या डब्यातील सर्व पेट्रोल काचेच्या भांड्यात उतरविले. पाणी पेट्रोलहून जड. ते तळाशी मण्यांसारखे बसलेच पाहिजे. मोरिता-सानांनी भांडे उजेडाला धरले, फिरविले, पुन्हा धरले.

तळाशी पाण्याचा एक थेंबही नव्हता.