फोनस्वामींचा कौल

मोबाईलच्या दुकानात शिरताना चपला बाहेर काढायला लावल्या, तेव्हाच बाईंना शंका आली. आत गिऱ्हाइकं हात जोडून रांगेत उभी होती. काउंटरवर नवेकोरे फोन पालथे मांडले होते आणि त्यामागे दुकानदार डोळे मिटून बसला होता. हल्ली त्याला सगळे फोनस्वामी म्हणत.

"फोन तुम्ही निवडत नाही, मंडळी. फोन तुम्हाला निवडतो," स्वामी घोगऱ्या आवाजात म्हणाले. "हात वर धरा. जो थरथरेल तो तुमचा."

पुढच्या गृहस्थाने हात धरला. एक फोन गुरगुरला. गर्दीने श्वास रोखला, गृहस्थाने पाकीट काढलं.

बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांना कौल नको होता. त्यांचे वडील, अण्णा, एकटे राहत. कानाने कमी ऐकू यायचं, हात कापायचे आणि मागच्या महिन्यात ते जिन्यात पडले होते. जुना फोन इतका गुळगुळीत की तो निसटून खाली गेला आणि शेजारचे लोक येईपर्यंत अण्णा तिथेच पडून राहिले. तो फोनही स्वामींच्याच कौलाचा. तरी अण्णा बाईंना घेऊन पुन्हा इथेच आले होते.

"अण्णा, पुन्हा पडलात तर तुम्हाला माझ्यापर्यंत पोचता आलं पाहिजे. एवढंच बघायचंय."

"मागच्या कौलाच्या वेळी माझंच मन शुद्ध नसेल गं," अण्णा म्हणाले.

हे ऐकून बाईंचं डोकं फिरलं. त्या तडक शेजारच्या कपड्यांच्या दुकानात गेल्या आणि काचेतल्या पुतळ्याचा हात मागून आणला. त्यांचा नंबर आला. स्वामींनी त्यांची भारी पर्स एका डोळ्याने न्याहाळली, एक हात खिशात घातला आणि मग दोन्ही डोळे मिटले. बाईंनी प्लास्टरचा हात फोनांवर धरला. गर्दीत खुसखुस झाली.

सगळ्यात महागडा फोन थरथरला.

"वा," स्वामी गहिवरले. "फार कोमल हात. या आत्म्याला चार कॅमेरे हवेत."

आता हसू कुणालाच आवरेना. स्वामींनी डोळे उघडले, हात पाहिला आणि लगेच सावरून म्हणाले, "निर्जीव वस्तूलाही स्पंदनं असतात."

"असतील. पण विकायच्या फोनात सिम कशाला?" बाईंनी तो फोन उलटला. पडद्यावर एक मिस्ड कॉल होता. त्यांनी त्याच नंबरवर उलट फोन लावला, आणि स्वामींच्या खिशात सनई वाजू लागली. ती बराच वेळ वाजत राहिली. जो फोन खपवायचा असेल त्याला खिशातून कॉल द्यायचा, एवढीच ती सिद्धी.

"पण मला लाभला होता हो," मघाचे गृहस्थ पुटपुटले. काहींनी माना डोलावल्या. असं लगेच कोण मान्य करतं?

अण्णांनी मात्र काउंटरवरचे फोन एकेक करून हातात घेतले. कापणाऱ्या मुठीत जे नीट बसले, ते त्यांनी बाजूला काढले. "यांचे नंबर स्वामींकडून घे आणि तुझ्या फोनवरून एकेकाला लाव. नाही, इथून नको. बाहेर जा. आवाज ऐकू येतो का बघतो."

स्वामींनी सगळ्याच फोनांत सिम घालून ठेवलं होतं, त्यामुळे बाईंनी रस्त्यावर जाऊन पहिल्या फोनवर कॉल लावला. तो बारीक कुईकुई करत वाजला. पडदा उजळलेला दिसला, पण अण्णांना ऐकू काहीच आलं नाही. त्यांनी तो बाजूला सारला आणि पुढचा उचलला. तो इतका खणखणीत वाजला की स्वामी दचकले.

"हा," अण्णा म्हणाले. मग रांगेकडे वळले. "मी जिन्यात पडून राहिलो ते मन अशुद्ध होतं म्हणून नाही. हातात धरून न बघता फोन घेतला म्हणून. तुम्ही तरी आधी हातात घ्या, कानाला लावा, आणि कशासाठी हवाय ते स्वतःला विचारा. डोळे उघडे ठेवून."