चोविसावा खळगा

नाणेसंग्रहालयाची पेटी नवघरच्या शाळेत आली तेव्हा सुगंधाच्या बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. सागवानी पेटी, आत निळं मखमली कापड, कापडात चोवीस खळगे आणि प्रत्येक खळग्यात एकेका जुन्या नाण्याचा प्लास्टरचा ठसा. अस्सल नाणी फोर्टातल्या तिजोरीत असायची. शाळांना फिरतीवर मिळायचे ते हे ठसे, आणि ठसे करणारे तिचे बाबा, धर्माजी.

कोळ्याच्या घरात जन्मूनही त्यांना होडी लागायची. म्हणून ते गणपतीच्या कारखान्यात साचे शिकले आणि तिथून संग्रहालयात गेले. ओल्या प्लास्टरच्या पाठीवर अंगठा दाबायची त्यांना सवय होती. पेटी वर्गात फिरवताना सुगंधाचं बोट त्या अंगठ्यांवरून जायचं. मुलींना ती शिवरायांच्या होनाबद्दल सांगत असायची, आणि बोट वेगळंच काही वाचत असायचं.

सोमवारी संग्रहालयातून जयकुमारसाहेब आले. पुण्याच्या एका संग्रहालयाशी मिळून दोन्हीकडच्या नाण्यांची एकच सूची छापायची होती, म्हणून फिरतीवरची प्रत्येक पेटी मूळ नाण्यांशी ताडून पाहणं चाललं होतं. त्यांनी ठसे मोजले. यादीत तेवीस होते, पेटीत चोवीस. शेवटचा खळगा कागदोपत्री रिकामा होता.

चोविसाव्या ठशावर एक माणूस उभा, एक गुडघे टेकलेला, आणि माथ्यावर कडी. सोन्याची पुतळी, परदेशातून आलेलं जुनं नाणं, साहेब म्हणाले. असं नाणं संग्रहालयात नाही. पण ठसा आहे, म्हणजे कधीतरी नाणं होतं आणि ते गेलं, असा अर्थ निघतो. शनिवारी त्यांना शेरा लिहावा लागणार होता : मूळ नाणे गहाळ. पुढे ठसे करणाऱ्याचं नाव.

"तुमचे वडील सज्जन होते, बाई," ते म्हणाले. "पण कागदाला ते कळत नाही."

सुगंधाने ठसा हातात घेतला. तो ठसा तिला डोळ्यांच्या आधी गालाने ओळखू आला होता. लहानपणी ती आईच्या छातीवर झोपायची आणि उठली की गालावर ते दोघे उमटलेले असायचे, एक उभा, एक वाकलेला. आई हसून म्हणायची, "पाहुणे आले बघ."

ठसा परत ठेवताना बोटाच्या टोकाला पांढरी भुकटी लागली. ती तशीच बोटाकडे बघत राहिली.

आई गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती. आईला अंगणात ठेवलं होतं. बाया बाजूला झाल्यावर बाबा वाकले, आईच्या तोंडाशी काहीतरी केलं, आणि उठले तेव्हा आईच्या ओठांवर पांढरं होतं. मरणाचा रंग तो, असं ती सोळा वर्षं धरून चालली होती. बाबा गेले तेव्हा खाटेशी बसून ती त्यांच्या ओठांवर तो रंग यायची वाट पाहत होती. तो आलाच नाही.

संध्याकाळी ती भाईंदर गावात मावशीकडे गेली. आई गेली त्या दिवशी तिच्या गळ्यातली पुतळी नाहीशी झाली आणि मावशीने, कृष्णाबाईने, चारचौघांत मेव्हण्याला विचारलं होतं, शहरात नेऊन विकलीस ना? धर्माजींनी उत्तर दिलं नाही. तेव्हापासून मावशीने त्यांचा उंबरा ओलांडला नव्हता. ते गेले तेव्हाही ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहून परत फिरली होती.

मावशी वाळलेले बोंबील पाटीत भरत होती. "मास्तरीणबाई वाट चुकल्या वाटतं," ती म्हणाली, पण बसायला पाट सरकवला.

"मावशी, आईच्या ओठांवर पांढरं होतं. तुला आठवतं?"

मावशीचे हात थांबले. "मीच पुसलं ते पदरानं. पीठ वाटलं. खरखरीत लागलं हाताला."

मग सुगंधाने तिला ठशाचं सांगितलं. मेलेल्याच्या तोंडात सोन्याचा कण ठेवतात, हे मावशीला सांगायची गरज नव्हती. बाबांनी कण ठेवला नव्हता; ठसा घेऊन प्लास्टरच्या हातांनी अख्खी पुतळी ठेवली होती. मावशीने बोंबलांची पाटी बाजूला सारली. सोन्यासाठी राख चाळतात, ती न चाळताच त्यानं एकट्यानं खाडीत सोडली होती, एवढंच ती म्हणाली.

शनिवारी मावशी लुगडं बदलून शाळेत आली. आजीने आपल्या दोघी लेकींना एकेक पुतळी दिली होती. दुसरी तिच्या गळ्यात होती. साहेबांनी भिंग धरलं. मावशीने मान वर केली आणि ते तपासत होते तोवर खिडकीबाहेर पाहत राहिली. तेच नाणं, तशीच कडी. तरी यावरून काय सिद्ध होतं, असं साहेबांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मावशीने ठसा हातात घेतला. त्याच्या कडेला तीन बारीक खड्डे होते. त्यांवर तिचं बोट थांबलं.

"हे हिचं दात. दात येत व्हते तवा आईची पुतळी सोडीत न्हवती." तिने स्वतःची पुतळी पुढे केली. "बघा, माज्या पुतळीला हाय काय? मला पोर न्हाय."

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. मग विचारलं, "आणि मूळ नाणं?"

"तिच्या तोंडात घातलं त्यानं," मावशी म्हणाली. "आणि मी त्याला चोर म्हटलं."

साहेबांनी लिहिलं : मूळ नाणे संग्रहालयाचे नाही, ठसे करणाऱ्याच्या पत्नीचे. मग म्हणाले, ठसा आमचा नाही, तुम्ही ठेवून घ्या. सुगंधाला तो हवा होता. इतका हवा होता की तिने मूठ मिटली. पण बाबांनी तो घरात ठेवला नव्हता. सोळा वर्षं तो शाळांतून फिरला होता, अनोळखी मुलींच्या हातांतून.

"पेटी इथून कुठे जाणार?"

"वरसाव्याला."

"मग यादीत घ्या. मी चिठ्ठी लिहून आणते."

रिकाम्या वर्गात जाऊन तिने चिठ्ठी लिहिली : चंपा धर्माजी यांची पुतळी, भाईंदर. मग ठसा गालाला लावला. प्लास्टर थंड होतं आणि सोडताना किंचित चिकटलं.

पेटी गेल्यावर तास सुरू झाला. पहिल्या बाकावरच्या मुली एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. "बाई, गालाला खडू लागलाय," एक म्हणाली.

"असू दे," सुगंधा म्हणाली आणि फळ्याकडे वळली.