यादीत नसलेली माणसं

अपेक्षा मूळची अंबाजोगाईची. २००६ साली ती बाणेरच्या एका कंपनीत प्रोग्रामर होती आणि सूसला गेणबांच्या घरी वरची खोली भाड्याने घेऊन राहत होती. शनिवारी मात्र ती स्कूटी काढून पौडला जायची. तिथे एका लहानशा संस्थेचा डोळ्यांचा दवाखाना होता. गावोगावच्या शिबिरांत तपासलेल्या माणसांच्या नोंदी ठेवायला अपेक्षाने तिथल्या संगणकावर हौसेने सगळी सोय करून दिली होती. दवाखान्यातले चंद्रकांत नोंदी भरायचे. मग एक बटण दाबलं, की तिचा प्रोग्राम एकेक नोंद वाचून मोतीबिंदूवाल्यांची यादी छापायचा, वयाने मोठे ते आधी. यादीत नाव आलं की माणसाला शस्त्रक्रियेचं बोलावणं जायचं.

एका संध्याकाळी गेणबांनी तिला जिन्यातच थांबवलं.

"ताई, तुमच्या दवाखान्यात आमच्या रत्नाचं नाव का येईना? माझी बहीण, रिह्यात दिलीय. डाक्टर म्हणला मोतीबिंदू पिकलाय, बोलावतो. दोनदा गाडी येऊन गेली, दोन्ही खेपेला हिचं नाव न्हाई."

"नोंद करायची राहिली असेल, काका. शनिवारी बघते."

नोंद राहिली नव्हती. शनिवारी तिने रत्नाबाईंचं नाव शोधलं, तर ते लगेच सापडलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गाव रिहे. सगळं जागच्या जागी होतं, पण यादीत नाव नव्हतं. अपेक्षाने मोजून पाहिलं. मोतीबिंदूच्या नोंदी एकशे बारा होत्या आणि यादीत माणसं होती अडतीस.

एकोणचाळिसावी नोंद तिने उघडली. कुशाबा, तेही रिह्याचेच. वयाच्या रकान्यात लिहिलं होतं : कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तिशीत.

"काका, हे काय?"

चंद्रकांत चष्मा सारखा करून वाकले. "म्हातारबा जे बोलले ते लिहिलं. मी आपल्या मनाचं वय कसं लावू?"

वयाच्या जागी आकडा असणार असं धरून चाललेला तिचा प्रोग्राम त्या वाक्याशी अडला होता आणि पुढची एकही नोंद न वाचता थांबला होता. मग तो अडला हे त्याने कुणाला सांगितलं का नाही? याचं उत्तर तिला ठाऊक होतं. पहिल्याच आठवड्यात पडदाभर लाल इंग्रजी अक्षरं उमटली होती आणि घाबरलेल्या चंद्रकांतांनी तिच्या ऑफिसात फोन केला होता. त्यांना पुन्हा त्रास नको म्हणून तिनेच दोन ओळी घातल्या होत्या : चूक झाली तर गप्प राहायचं, जमली तेवढी नावं छापायची. खरी दुरुस्ती सवडीने करू म्हणाली होती. अपुऱ्या यादीखाली दर खेपेला ठळक अक्षरांत छापून येत होतं, 'यादी पूर्ण'.

तिने आधी त्या दोन ओळी खोडून टाकल्या.

दुपारपर्यंत तिने काम उरकलं. आता एखादी नोंद अडली, तर प्रोग्राम ती बाजूला ठेवून पुढे जाणार होता आणि शेवटी साध्या मराठीत सांगणार होता, की इतक्या वाचल्या, इतक्या घेतल्या, या अमुक नोंदी एकदा बघून घ्या. चंद्रकांतांना त्यांची वाक्यं लिहायला तिने वेगळी जागा करून दिली. राहिलेल्या चौऱ्याहत्तर जणांची यादी छापून घेतली. बोलावणी नेहमीसारखी चंद्रकांत धाडणारच होते, पण रिह्याची नावं वहीत उतरून घेऊन ती स्वतःच निघाली.

रत्नाबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या, डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त. अपेक्षाने काही न लपवता सांगितलं, "चूक माझी होती, मावशी."

"मग सांगाया आलीस ते बरं केलंस," रत्नाबाई म्हणाल्या. "माझं ऱ्हाऊ दे. कुशाबाकडं जा आधी. त्यो लई खचलाय."

कुशाबा गोठ्याशेजारी बाजेवर बसले होते. बैल त्यांनी पुतण्याला देऊन टाकले होते. "डाक्टरला कळलं आसंल, आता डोळा हाती लागत न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "तोंडावर कसं सांगायचं, म्हनून नाव गाळलं. मी समजून घेतलं."

अपेक्षा बाजेच्या कडेला टेकली. "बाबा, डॉक्टरांनी नाव गाळलं नाही. त्यांनी तर लिहिलंय, डोळा चांगला आहे, शस्त्रक्रिया करा. माझ्या मशीनला तुमचं वय वाचता आलं नाही, आणि ते गप्प बसलं. मीच त्याला गप्प बसायला शिकवलं होतं."

"डोळा चांगला हाय म्हनतोय?"

"हो. मी स्वतः वाचलंय."

त्यांनी ते तिच्याकडून आणखी एकदा वदवून घेतलं. मग पुतण्याला हाक मारून म्हणाले, "आरं, बाईंना च्या टाक."

पुढच्या बुधवारी रिह्यातून गाडीत नऊ माणसं बसली. वहीतल्या उरलेल्यांपैकी दोघांनी मधल्या काळात दुसरीकडे शस्त्रक्रिया करून घेतली होती. एक म्हातारी नको म्हणाली ती म्हणालीच. कुशाबांचा उजवा डोळा आधी झाला. पट्टी काढली तेव्हा अपेक्षा ऑफिसात होती. चंद्रकांतांनी फोन करून सांगितलं, की म्हातारबा खिडकीशी उभं राहून बसथानकावरच्या गाड्यांच्या पाट्या मोठ्यानं वाचतायत, आणि वॉर्डात कुणाला दुपारची झोप म्हणून लागू देत नाहीयेत.