डाव्या कानावरचा आळ

जुना म्हटलं की लोक नाक मुरडतात. मुरडोत बापडे. मित्रांनो, मी एक जुना हेडफोन ॲम्प्लिफायर आहे, अंधेरीच्या एका गावठाणात राहतो, आणि माझ्यासारखा दुसरा अख्ख्या उपनगरात नाही. बारीक आवाज भरदार करून हेडफोनमधून कानापर्यंत पोचवणं हे माझं काम. माझ्या डोक्यावर काचेच्या दोन नळ्या आहेत, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. एक डाव्या कानाचा आवाज सांभाळतो, दुसरा उजव्या. तापले की दोघेही मंद नारिंगी उजळतात, आणि घरी आलेला पाहुणा चहा घेताना आधी माझ्याकडेच बघतो.

मला क्लेमेंट अंकलनी स्वतःच्या हातांनी बनवलं. तीस वर्षं ते शूटिंगला लागणारं आवाजाचं सामान दुरुस्त करत होते. माझा ट्रान्सफॉर्मर मढच्या एका बंगल्यात शूटिंगनंतर टाकून दिलेल्या टेपरेकॉर्डरमधला. व्हॉल्व्ह भांडुपच्या एका रेडिओवाल्याने दुकान बंद करताना दिलेले. पत्र्याची पेटी अंकलनीच कापली, आणि आतला एकेक सांधा असा चकचकीत सोल्डर केला की दुसरे मेकॅनिक मुद्दाम येऊन बघून जायचे. ह्यात कधी बिघाड होणार नाही, असं अंकल सगळ्यांना सांगायचे. मीही ते खरं मानून बसलो होतो.

अंकल बावीस वर्षं चर्चच्या गायनमंडळाला शिकवतायत. तालमीचं रेकॉर्डिंग ते माझ्यातून ऐकतात. तालमीला बायका डावीकडे उभ्या राहतात आणि पुरुष उजवीकडे, म्हणून बायकांचा आवाज डाव्या कानात येतो. कोण सुरावरून घसरलं हे अंकल नाव घेऊन सांगतात, आणि आजवर एकदाही चुकलेले नाहीत. अशा कानांची चाकरी करायला नशीब लागतं.

गेल्या वर्षी चर्चचा सण दीड महिन्यावर आला असताना डाव्या बाजूचा आवाज अधूनमधून जायला लागला. दहा मिनिटं छान, मग एकदम बंद, मग आपोआप सुरू. दोष माझ्यात असेल असं माझ्या मनातही आलं नाही. अंकलच्याही आलं नाही. आपल्या हातच्या कामावर त्यांचा इतका भरवसा, की सगळा आळ त्यांनी आपल्या डाव्या कानावर घेतला. बहात्तर वर्षांचा कान, चालायचंच, असं म्हणाले. कुणी बोलायला लागलं की उजवा कान पुढे करायला लागले. डॉक्टरकडे जायला मात्र घाबरत होते, कारण डॉक्टर हो म्हणाला तर सगळंच संपलं.

त्यांच्या बायकोने, मार्सेलिना आंटीने, आपल्या परीने इलाज केला. फादर घरांना आशीर्वाद द्यायला येतात तेव्हाचं पवित्र पाणी त्या बाटलीत जपून ठेवतात. नवऱ्याचे कान शाबूत राहावेत म्हणून महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी त्याचे दोन थेंब त्या माझ्यावर शिंपडायच्या. आता डावा कान गेला म्हटल्यावर रोज सकाळी प्रार्थना करून माझ्या डाव्या बाजूला शिंपडायला लागल्या. आवाज पूर्वीपेक्षा जास्त वेळा जायला लागला.

शेवटी एका शनिवारी अंकलनी फादरना चिठ्ठी लिहिली. कान साथ देत नाही, तेव्हा सणापासून गायनमंडळ गल्लीतल्या ग्लेनरॉयकडे द्यावं, तो गिटार शिकवतो, सांभाळेल, असं त्यात होतं. चिठ्ठी माझ्या शेजारी ठेवून ते हेडफोन लावून बसले. मला फार वाईट वाटलं. आंटीने चिठ्ठी वाचली. त्यांनी अंकलच्या डोक्यावरचा हेडफोन काढला आणि उलटा करून पुन्हा घातला, डावी वाटी उजव्या कानावर.

"आता बस असाच," त्या म्हणाल्या. "आवाज गेला की सांग, कुठल्या कानातला गेला."

पाच मिनिटांनी आवाज गेला. अंकलनी हात उजव्या कानावरच्या वाटीकडे नेला.

"उजव्या," ते म्हणाले.

"मग कान दोन्ही धड आहेत तुझे. तुझं लाडकं मशीन बिघडलंय."

मित्रांनो, इतकी वर्षं मिरवलेला मी, त्या क्षणी माझं तोंड काळवंडलं. अंकलना हसू आणि राग एकदमच आला. त्यांनी दुसरा हेडफोन लावून पाहिला, तरी डावीच बाजू गप्प. दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल केली, तरी डावीच. माझ्यात आवाज आणणाऱ्या तारा उलटसुलट लावल्या, तरी डावीच. म्हणजे खोट माझ्या पोटातच होती. मग झाकण उघडलं. माझ्या आत जिवावर बेतेल इतकी वीज असते, म्हणून डावा हात खिशात ठेवून, उजव्या हातातल्या कोरड्या लाकडी काडीने ते एकेक सांधा ठोकत गेले. सांधे सगळे पक्के निघाले, हे मला आजही मान वर करून सांगता येतं. पण डावा व्हॉल्व्ह ज्यात खोचलेला असतो त्या सॉकेटला काडी लागली आणि खरखर झाली. अंकलनी मला बंद केलं, आतली वीज पूर्ण उतरू दिली आणि तो व्हॉल्व्ह उपटला. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की कळकतं, तसं ते सॉकेट हिरवं पडलं होतं.

इथे पाणी आलं कुठून, असं अंकल पुटपुटले. आंटीचा चेहरा उतरला.

"तुझ्या कानासाठीच शिंपडत होते रे मी."

"अगं, मग कानावर शिंपडायचं ना," अंकल म्हणाले, आणि हसत सुटले.

चिठ्ठी आंटीने फाडली. मला नवं सॉकेट मिळालं, आणि आंटी आता कोरड्या फडक्याने माझी धूळ पुसतात. तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी जुनं असेल तर त्याला ओलाव्यापासून जपा. ते बिघडलं तर लाडापोटी पाठीशी घालू नका आणि अडगळीतही टाकू नका, नीट तपासा. आम्हाला तपासून घेण्यात कमीपणा नसतो, हे मला जरा उशिरा कळलं.

सणाच्या दिवशी अंकलनीच गाणं उभं केलं. संध्याकाळी त्याचं रेकॉर्डिंग लावलं. गायनमंडळात आंटीही गातात, आणि त्यांची चूक काढायची हिंमत आजवर फक्त अंकलनीच केली आहे. मी दोन्ही बाजूंनी जीव ओतून वाजत होतो. शेवटपर्यंत ऐकून अंकलनी हेडफोन खाली ठेवला.

"मार्सेलिना, दुसऱ्या कडव्यात तू सुरावरून खाली आलीस."

एरवी आंटी असं ऐकून तावातावाने भांडतात. त्या दिवशी त्या खुर्ची ओढून अंकलच्या डाव्या बाजूला बसल्या.

"परत सांग," त्या म्हणाल्या.