चराईची रेघ

समुद्र जालन्यापासून चारशे किलोमीटर लांब, आणि सत्यशीलानं तो जन्मात पाहिलेला नव्हता. तरी दोन वर्षं ती त्याच्याच काठच्या कांदळवनाची योजना लिहीत होती. खाडीतलं हे जंगल राखायचं, त्यानं चिखलात धरून ठेवलेल्या कार्बनचे क्रेडिट कंपन्यांना विकायचे आणि आलेला पैसा तिथल्या गावांना द्यायचा, हे त्यांच्या संस्थेचं काम. ऑफिस मात्र एमआयडीसीच्या रस्त्यावर, बियाण्याच्या गोदामाच्या वर.

आणि खाडीच्या पाहणीला निघालं कोण? तर प्रांजली! सत्यशीलाची नणंद, नोकरीला लागून उणेपुरे आठ महिने झालेली. चिकटवलीही होती सत्यशीलानंच.

"वहिनी, तुम्हाला शंख आणते," प्रांजली म्हणाली.

"आण की," सत्यशीला हसून म्हणाली. आपण जळतोय हे तिला कळत होतं, पण कळून कुणाचं जळणं थांबलंय?

चार दिवसांनी प्रांजली रापून, शंख घेऊन परतली आणि योजनेत लिहून मोकळी झाली, 'क्षेत्रात चराई नाही.' तिला एकही जनावर दिसलं नव्हतं. मिलमधल्या फोरमनची लेक ती, तिला काय दिसणार? सत्यशीलानं फोटो पाहिले मात्र, चमकली. कांदळवनातल्या तिवराची सगळी झाडं एका उंचीपर्यंत साफ, त्यावर तेवढी हिरवी. तिचे वडील धुळाजी जन्मभर मेंढरांमागं हिंडलेले. मेंढरू कुठवर खातं, शेळी दोन पायांवर उभी राहून कुठवर पोचते, म्हशीची मान कुठवर जाते, हे त्यांनी तिला झुडपं दाखवून शिकवलं होतं.

चहाच्या वेळी प्रांजलीला हळूच सांगता आलं असतं. सांगितलं नाही. पाच दिवस तोंड मिटून बसली आणि प्रमुख बद्रीनाथ सरांच्या बैठकीत, सगळ्यांदेखत बोलली.

"सर, चराई न्हाई हे बिलकुल चूक हाय. ही रेघ बघा. म्हशी रोज खाऊन राह्यल्यात. तपासणीवाले योजनाच परत पाठवतील."

प्रांजलीचं तोंड एवढंसं झालं. सत्यशीलाला कसं गार गार वाटलं.

"बराबर पकडलं तुम्ही," सर म्हणाले. "मंग आता कुणाला तरी सहा महिने तिथं राहूनच चराई मोजावी लागंल."

सहा महिने! सत्यशीलानं मनातल्या मनात बॅगसुद्धा भरली. पोरांना आई सांभाळेल, तेही ठरलं.

"प्रांजली, तयारीला लाग. सत्यशीलाबाई, तुम्हाला न्हाई सोडता येणार. फोटो बघून ओळखणारं माणूस इथंच पायजे."

आता रोज दुपारी प्रांजलीचे फोटो येतात. पानं, फांद्या, शेण. खाली प्रश्न असतो, "वहिनी, हे म्हशीनं खाल्लं का शेळीनं?"

सत्यशीला आधी फोटो दोन बोटांनी मोठा करते आणि पानांच्या मागं, कोपऱ्यांत शोधते. सगळीकडं चिखलच. जरा फोन फिरव, मागचं पाणी दाखव, एवढंच म्हणायचं असतं. प्रांजलीनं हौसेनं दाखवलंही असतं. पण तिच्याकडं मागायचं?

ती टाइप करते, "शेळीनं."